अदृश्य ताणाचे मोजमाप

(अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी भरलेल्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी पडली असेल, तर काहींना कुतूहल वाटले असेल. दोन्ही स्वाभाविक आहे. समलिंगी स्त्री-पुरुष, आणि स्त्री व पुरुष या दोहोंविषयी आकर्षण वाटणाऱ्या उभयलिंगी व्यक्ती, यांच्या मनावर समाजात वावरताना जो ताण पडतो तो मोजता येतो काय, आणि येत असेल तर कसा, एवढाच मर्यादित प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. मी मानसशास्त्राचा तज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि गेली वीस वर्षे माहिती लोकांपर्यंत पोहोचविण्याचे काम करीत आहे. या कामात मी एक गोष्ट शिकलो. चुकीच्या आकड्याने हानी होतेच. परंतु खऱ्या आकड्याचा चुकीचा अर्थ लावल्याने होणारी हानी अधिक खोल असते.

आपण गावोगावी पिकांची पैसेवारी काढतो. ती पन्नासच्या खाली गेली म्हणून शेतकरी आळशी होता, असा निष्कर्ष कोणी काढीत नाही. पाऊस किती पडला आणि केव्हा पडला, याची नोंद आपण शेजारी ठेवतो. माणसाच्या मनाच्या बाबतीत मात्र हे साधे पथ्य फार वर्षे पाळले गेले नाही.

दोष बियाण्याचा की पावसाचा?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य वैद्यकशास्त्र समलिंगी आकर्षणाला मनोविकार समजत असे. हे मत बव्हंशी रुग्ण म्हणून डॉक्टरांकडे आलेल्या किंवा तुरुंगात असलेल्या माणसांच्या निरीक्षणावर बेतलेले होते. रुग्णालयात बसून गावाच्या प्रकृतीचा अंदाज बांधावा, तसाच हा प्रकार. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी ही चूक हेरली. त्यांनी उपचार घेत नसलेले ३० समलिंगी पुरुष आणि तेवढेच भिन्नलिंगी आकर्षण असलेले पुरुष निवडले, त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या आणि कोणाचा कागद कोणता हे न सांगता ते कागद नामांकित परीक्षकांपुढे ठेवले. परीक्षकांना दोन्ही गट वेगळे ओळखता आले नाहीत. हे संशोधन १९५७ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आणि १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला मनोविकारांच्या यादीतून वगळले.

येथे प्रश्न संपायला हवा होता, पण तो संपला नाही. पाहण्यांमधून पुढे असे दिसत राहिले की, नैराश्य, चिंताविकार आणि आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण समलिंगी व उभयलिंगी व्यक्तींत इतरांपेक्षा अधिक आहे. हा आकडा खरा आहे. मग याचा अर्थ काय लावावयाचा? 'पाहा, मूळ प्रकृतीतच दोष आहे' असे म्हणणे सोपे होते, आणि अनेकांनी ते म्हटलेही. दुसरा अर्थ शोधण्यासाठी पाऊसही मोजावा लागणार होता. म्हणजे या माणसांच्या वाट्याला येणारी अवहेलना आणि भीती मोजावी लागणार होती.

ताणाचे चार थर

'अल्पसंख्याकत्वाचा ताण' ही कल्पना १९८१ मध्ये ब्रूक्स यांनी समलिंगी स्त्रियांवरील आपल्या ग्रंथात मांडली. तिला मोजता येईल असे रूप दिले ते इलान मायर यांनी. १९९५ मध्ये त्यांनी न्यू यॉर्क शहरातील ७४१ समलिंगी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि २००३ मध्ये हा सिद्धान्त अधिक विस्ताराने मांडला.

संसाराच्या विवंचना सर्वांनाच असतात. आजारपण, कर्ज, नोकरीची चिंता कोणाला चुकली आहे? मायर यांचे म्हणणे असे की, या सर्वांच्या वर आणखी एक ओझे या व्यक्तींवर असते. ते समाजरचनेतून येते आणि दीर्घकाळ टिकते. त्याचे चार थर त्यांनी सांगितले.

पहिला थर प्रत्यक्ष घटनांचा: मारहाण, शिवीगाळ, नोकरीवरून काढणे, भाड्याचे घर नाकारणे. दुसरा थर अपेक्षेचा. आज कोणी काही बोलले नाही, पण उद्या बोलेल, या धास्तीने माणूस सतत सावध राहतो. तिसरा थर लपवणुकीचा. सहकाऱ्यांत बसून 'लग्न केव्हा?' या प्रश्नाला दर वेळी नवे खोटे उत्तर द्यावयाचे आणि मागचे खोटे लक्षात ठेवावयाचे. चौथा थर सर्वांत खोल आहे. लहानपणापासून कानी पडलेला तिरस्कार माणूस स्वतःच स्वतःविषयी बाळगू लागतो. दगड मारणारा मग बाहेर उरतच नाही.

याच्या जोडीला मायर यांनी आधाराचीही नोंद ठेवली. समजून घेणारे कुटुंब, मित्र, आपल्यासारख्यांचा सहवास यांमुळे ताणाचा आघात सौम्य होतो. म्हणून ओझ्याबरोबर आधारही मोजावा लागतो.

मोजपट्टी कशी तयार होते?

मनाला ताजवा लावता येत नाही हे खरे. तरी १९६७ मध्ये होम्स आणि राही या संशोधकांनी आयुष्यातील ४३ घटनांना गुण देऊन एक ताणपट्टी तयार केली होती. जोडीदाराच्या मृत्यूला तीत १०० गुण होते आणि विवाहाला ५०. परंतु अशा पट्टीत फक्त घटना मोजल्या जातात. ज्याच्या आयुष्यात 'काहीच घडले नाही', पण जो रोज भीत जगला, त्याचा ताण तीत उतरत नाही.

म्हणून नव्या प्रश्नावल्या तयार झाल्या. त्यांत विधाने असतात. प्रत्येक अनुभव आपल्याला आला काय आणि त्याचा किती त्रास झाला, हे उत्तर देणारा श्रेणीने सांगतो. बाल्सम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा एका प्रश्नावलीत ५० विधाने नऊ गटांत विभागलेली आहेत. प्रश्नावली तयार झाली म्हणजे ती लगेच वापरावयाची नसते. एका गटातील विधाने एकाच गोष्टीविषयी बोलतात काय, आणि जे मोजतो असे आपण म्हणतो तेच मोजले जाते काय, याची परीक्षा आधी घ्यावी लागते.

मायर यांच्या १९९५ च्या अभ्यासात ज्यांच्यावर हा ताण अधिक होता, त्यांच्यात तीव्र मानसिक क्लेश आढळण्याची शक्यता दुप्पट ते तिप्पट दिसली. हे सर्व जण समलिंगीच होते. फरक प्रकृतीत नव्हता, वाट्याला आलेल्या ओझ्यात होता.

येथे एखादा चिकित्सक श्रोता विचारील की, नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला सारे जगच वैरी वाटते, मग 'मला त्रास झाला' हे त्याचे उत्तर प्रमाण कसे मानावे? हा आक्षेप रास्त आहे. हॅटझेनब्यूलर आणि सहकाऱ्यांनी त्याला चांगले उत्तर शोधले. माणसाला विचारण्याऐवजी त्यांनी कायदा पाहिला. २००४-०५ च्या सुमारास अमेरिकेतील काही राज्यांनी समलिंगी विवाहाला बंदी घालणाऱ्या घटनादुरुस्त्या केल्या. एका राष्ट्रीय पाहणीत त्याच त्या व्यक्तींच्या मुलाखती आधी २००१-०२ मध्ये आणि नंतर २००४-०५ मध्ये झाल्या होत्या. बंदी आलेल्या राज्यांत समलिंगी व उभयलिंगी व्यक्तींमधील मनोवस्थेच्या विकारांचे प्रमाण ३६.६ टक्क्यांनी वाढले. बंदी न आलेल्या राज्यांत अशी लक्षणीय वाढ दिसली नाही. तक्रार करणाऱ्याच्या स्वभावावर या निष्कर्षाचे खापर फोडता येत नाही.

आपल्या भूमीवर

आता आपल्याकडे वळू. मुंबईत समलिंगी संबंध ठेवणाऱ्या १५० पुरुषांची एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४५ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार आढळले, २९ टक्क्यांत तीव्र नैराश्याची लक्षणे होती, आणि मनोविकारतज्ज्ञांचे उपचार त्यांपैकी एकही जण घेत नव्हता. ही पाहणी कार्यकर्त्यांच्या ओळखीतून जमलेल्या लोकांची होती. म्हणून हे प्रमाण सबंध महाराष्ट्राला लावता येणार नाही. परंतु उपचारांपर्यंत कोणीच पोहोचले नव्हते, ही गोष्ट आपणा सर्वांना विचार करावयास लावणारी आहे.

तमिळनाडूत चेन्नई आणि कुंभकोणम येथील २०० पुरुषांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी परदेशी पट्टी जशीच्या तशी वापरली नाही. चालण्या-बोलण्यात पुरुषी न वाटणाऱ्याला जी हेटाळणी सोसावी लागते, ती त्यांनी स्वतंत्रपणे मोजली, आणि नैराश्याशी तिचा संबंध दिसून आला. आपल्या शाळांच्या पटांगणावर 'बायल्या' हा शब्द किती सहज उच्चारला जातो, हे शिक्षकांना मी सांगावयास नको. तो उच्चारणाऱ्या मुलाला या विषयाची काही कल्पनाही नसते. पण ज्याच्यावर तो फेकला जातो त्याच्या खात्यात तो जमा होतो.

म्हणून मराठीत अशी प्रश्नावली करावयाची तर केवळ भाषांतर पुरणार नाही. आपल्याकडे ताणाचे मोठे कारण लग्न हे आहे. स्थळे पाहणे, नातेवाइकांचा आग्रह, धाकट्या बहिणीचे लग्न अडते ही टोचणी, आणि शेवटी दोन जीवांची होणारी फसगत, हे सारे त्या प्रश्नावलीत आले पाहिजे. शिवाय भारतातील पुष्कळसे संशोधन एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातून उभे राहिल्याने ते पुरुषांभोवती फिरते. समलिंगी स्त्रिया त्या तक्त्यांत क्वचितच दिसतात. ज्यांची मोजणी झाली नाही त्यांना ताण नाही, असा अर्थ कृपया कोणी काढू नये.

आणखी एक अडचण माझ्या अनुभवातील आहे. पूर्वी एका आरोग्य पाहणीच्या वेळी मी एका खेड्यात गेलो होतो. ओसरीवर प्रश्न सुनेला विचारला जात होता आणि उत्तर सासूबाई देत होत्या. सून मान डोलावीत होती. कागदावर ते उत्तर सुनेचे म्हणून नोंदले गेले. साध्या प्रश्नांची ही गत, तर ज्या गोष्टीने घर तुटू शकते तिच्याविषयी चारचौघांत कोण खरे सांगणार? लपवणूक मोजू पाहणाऱ्या पाहणीपासूनच माणूस लपतो. एकांत, नाव न नोंदणे आणि उत्तर नाकारण्याची मुभा, या तीन गोष्टी नसतील तर अशी मोजणी करूच नये.

आपले काम

आपल्यापैकी कोणी उद्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत प्रश्नावली घेऊन बसावे, असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. कोण कसा आहे हे हुडकून काढणे आपले काम नव्हे; तसे करणे म्हणजे ताणात भर घालणे होय. मोजणी प्रशिक्षित संशोधकांनी करावी. तिच्यातून निघालेला बोध मात्र आपला आहे.

कायद्याची बाजू आता पुष्कळ स्पष्ट आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत असा निर्णय दिला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचार देताना लैंगिक कलाच्या आधारे भेदभाव करता येत नाही. लैंगिक कल 'बदलण्याचे' तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळविले. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला.

परंतु कायदा बदलला म्हणजे ताण सरला असे होत नाही. मायर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अमेरिकेतील तीन पिढ्यांची तुलना प्रसिद्ध केली. अधिक मोकळ्या काळात वाढलेली तरुण पिढी कमी ताणाखाली असेल ही अपेक्षा होती. ती खरी ठरली नाही. कारण माणूस राजपत्रात राहत नाही, तो घरात, वर्गात आणि गल्लीत राहतो. कॅलिफोर्नियातील २२४ तरुणांच्या एका अभ्यासात (२००९), ज्यांना किशोरवयात कुटुंबाने तीव्रपणे झिडकारले होते त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, ज्यांना फारसे झिडकारले गेले नव्हते त्यांच्या तुलनेत आठपटींहून अधिक आढळले.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती अशी की, वर्गातील हेटाळणीचा शब्द तेथल्या तेथे थांबवावा. एखाद्या विद्यार्थ्याने विश्वासाने काही सांगितले तर ते त्याच्या संमतीवाचून घरी कळवू नये. पंचायत सदस्यांनी अशा मुलाला किंवा मुलीला मांत्रिकाकडे नेण्याचा किंवा घाईने लग्न उरकण्याचा सल्ला देणाऱ्यांना आवरावे आणि आई-वडिलांशी दोन समजुतीचे शब्द बोलावेत. अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयात आलेल्या माणसाची कुजबूज होऊ देऊ नये. मन खचलेल्या कोणालाही 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. तो दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

मित्रहो, मायर यांच्या पट्टीवरील पहिला थर पाहा. त्यावर नोंदलेली प्रत्येक घटना कोणीतरी घडविलेली असते. म्हणून उत्तरे जरी त्या व्यक्तींची असली, तरी त्या पट्टीवर मोजले जातात ते आपण, त्यांच्या भोवतालचे लोक. पुढच्या मोजणीत तो आकडा खाली आणणे आपल्या हाती आहे.