चाबी कोणाजवळ?

आज समाजकार्याची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

पदवी फ्रेम करून घ्याल, जरूर घ्या. मी आज एका कुलपाबद्दल बोलणार आहे.

मार्च संपत आला होता, मोह पडायला लागला होता. याच गोंडपिपरी तालुक्यातल्या एका गावातून तक्रार आली, की एक बाई दोन लेकरांना घरात कोंडून जंगलात जाते. मी बालसंरक्षणाच्या कामात नवा होतो. पोचलो तर दाराला बाहेरून कुलूप आणि फटीतून चार डोळे माझ्याकडे बघताहेत. ‘दुर्लक्षित बालके, तातडीने हलवावे’ असं मी वहीत लिहूनही टाकलं. दहाच्या सुमारास बाई मोहाची टोपली घेऊन आली. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग का वाघाच्या तोंडी देऊ जी?” त्याच आठवड्यात शिवारात वाघाने बैल मारला होता.

मी खजील झालो. पण नुसता खजील होऊन परतलो असतो तर तीही चूकच होती. कुडाचं घर, आत चुलीतला विस्तव. ठिणगी उडाली तर? तेव्हा कुठे काय विचारायचं ते सुचलं : “चाबी कोणाजवळ राहते?”

“बाजूच्या म्हातारीजवळ.”

म्हातारीच्या खुंटीवर चाबी होती. मी तिला कुलूप उघडून दाखवायला सांगितलं. हात कापत होते, पण उघडलं. मग मोठ्या मुलीला अंगणात एकटीला घेऊन बसलो. आई नसताना घरी कोण येतं, रात्री कुठे झोपता, कोणाची भीती वाटते, हे आईसमोर विचारायचं नसतं. २००० साली लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिम्बी ही आठ वर्षांची मुलगी छळाने मेली. तिची जबाबदारी असलेल्या कार्यकर्तीने चार भेटींत तिच्याशी केलेलं बोलणं सगळं मिळून अर्ध्या तासाचंही नव्हतं. घर बघितलं, मोठ्यांशी बोलणं झालं, मूल राहून गेलं.

असं काही राहून जाऊ नये म्हणून नजरेला आधार लागतो. इथून जवळच, गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेमध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांसाठी बाळाचे श्वास मोजायचं साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्युमोनिया समजायचा. दाईच्या नजरेला मण्यांचा आधार मिळाला. तुमचा सामाजिक तपासणी अहवालाचा नमुना हे तुमचे मणी आहेत. कंटाळा येतो, मलाही येतो. पण त्यातल्या प्रत्येक रकान्याने तुमच्या पहिल्या मताला अडवायचं असतं. फरक एवढाच, की न्युमोनियाचा श्वास मिनिटात मोजून होतो. घरातली भीती मोजायला पुन्हा पुन्हा जावं लागतं.

२०१५चा बाल न्याय अधिनियम सांगतो, की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करा, सामाजिक तपासणी १५ दिवसांत पुरी करा आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय धरा. हा शेवटचा उपाय आपल्याकडे गरिबाच्या घरी मात्र फार लवकर आठवतो. सिमेंटच्या घरात, सोफ्यावर चहा पिऊन ‘वातावरण चांगले’ लिहून उठणारे मी पुष्कळ पाहिलेत. गळकं छप्पर, रिकामा डबा, धुळीने माखलेलं पोर ही गरिबी झाली. तिथे बालसंगोपन योजनेत बसत असेल तर अर्ज भरून द्या. धोका बघायचा तो वेगळा. घरात रोज पिणारा कोण, नवा राहायला आलेला पुरुष कोण, पोरगी अचानक शाळेत का येत नाही, अंगावरचा वळ आणि सांगितलेली गोष्ट जुळते का.

कुलपाच्या त्या घराबद्दल मी शेवटी ‘सुरक्षित’ असा शेरा दिला. पुढच्या वर्षी मिरची तोडाईच्या दिवसांत दुसऱ्याच कामाने त्या गावात गेलो. आई सरपणाला गेलेली, दाराला तेच कुलूप. म्हातारीच्या दारालाही कुलूप होतं. लेकीबरोबर ती मिरची तोडायला तेलंगणात गेल्याला तीन आठवडे झाले होते, आणि खुंटीवरची चाबी तिच्या कमरेला खोचलेली तिकडेच गेली होती. माझ्या फाइलीत ते घर अजून सुरक्षित होतं.

आई येईपर्यंत मी ओट्यावर बसून राहिलो, आतल्या पोरांना फटीतून गोष्ट सांगत.