पहिल्या महिन्याचा पैसा आणि तेराव्या महिन्याचा पैसा
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सेमाडोह येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. बँकेत काउंटरवर बसणारा साधा कारकून आहे. पण गेल्या तीन-चार वर्षांत वर्गणीचा जो हिशेब माझ्या हातून गेला, तो समाजापुढे मांडावा असे कार्यकारिणीचे म्हणणे पडले, म्हणून उभा आहे. विषय आहे अपघातानंतरच्या पुनर्वसनासाठी पैसा कसा उभा करावा.

पुनर्वसन हा शब्द मेळघाटात उच्चारला की लोक दचकतात. आपल्याकडे पुनर्वसन म्हणजे गाव उठणे. कोहा, कुंड, बोरी ही नावे आठवतात, वाघासाठी सोडलेली घरे आठवतात. मी बोलणार आहे ते माणसाच्या पुनर्वसनाबद्दल. मोडलेला माणूस त्याच गावात, त्याच घरात पुन्हा कसा बसवायचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

परतवाडा ते धारणी हा रस्ता आपल्या सर्वांच्या पायाखालचा. घटांगच्या पुढची वळणे, पावसाळ्यातले धुके, अरुंद पूल. सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीहून धारणीकडे जाणारी एक खासगी बस सेमाडोहजवळ पुलावरून कोसळली. काही प्रवासी दगावले, अनेक जखमी झाले. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी मृतांचे आकडे छापले. जखमींचे पुढे काय झाले, हे छापायला सहसा कोणी येत नाही. मृत्यूची बातमी एका दिवसाची असते. कंबरेखालची संवेदना गेलेल्या माणसाची बातमी मात्र रोज सकाळी घरात उठते.

माझ्या धाकट्या भावाचा अपघात त्याआधीचा, ऑगस्ट २०२२ मधला. याच रस्त्यावर रात्री त्याच्या मोटरसायकलला एका जीपगाडीने मागून उडवले आणि ती निघून गेली. गाडी आजतागायत सापडली नाही. मणक्याला मार बसला. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पाय गेले.

पहिल्या महिन्यात समाजाने जे केले ते मी विसरणार नाही. रजिस्टरमध्ये ३११ नावे आहेत आणि रक्कम १,९४,००० रुपये. त्यात शिक्षक आहेत, वनमजूर आहेत, कोरकू शेजारी आहेत, अमरावतीचे आणि अकोल्याचे नातेवाईक आहेत. आता त्याच रजिस्टरची पुढची पाने सांगतो. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात मिळून ३८,५०० रुपये. सातव्या ते बाराव्या महिन्यात ६,२००. ही कोणाची तक्रार नव्हे. लोकांची घरे आहेत, पेरण्या आहेत, मुलींची लग्ने आहेत. परंतु गरजेचा आलेख याच्या अगदी उलटा असतो, हे ध्यानात घ्या. शस्त्रक्रियेचा बराचसा भार शासनाची महात्मा फुले जन आरोग्य योजना उचलू शकते. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत आपला अमरावती जिल्हा होता. परंतु रुग्ण घरी आल्यानंतर लघवीची नळी, पिशवी, हवेची गादी, व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट, परतवाड्याला जायला भाड्याची गाडी, यांचे बिल कोणत्या योजनेत लावायचे? ते महिन्याच्या महिन्याला येते आणि वर्षानुवर्षे येते.

संवेदना गेलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. रात्रीसुद्धा. नाही वळवले तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात, त्या चिघळतात आणि रक्तात विष पसरून माणूस दगावतो. शस्त्रक्रियेतून वाचलेली माणसे अशी घरी जातात. आमच्या आईने आणि वहिनीने रात्री वाटून घेतल्या होत्या. पाठीला चांगली गादी आणि खुर्चीवर योग्य उशी असेल तर धोका पुष्कळ कमी होतो. पहिल्या महिन्यात वर्गणी देणाऱ्याला ही गादी कुठे दिसते? त्याला ऑपरेशन दिसते.

मुंबईचे एक उदाहरण सांगतो. ११ जानेवारी २०१४ रोजी घाटकोपर स्थानकावर लोकल पकडताना कुर्ल्याची एक कॉलेजची विद्यार्थिनी फलाट आणि गाडी यांच्यातल्या फटीत पडली. दोन्ही हात गेले. सगळा देश हळहळला, मदत आली, कृत्रिम हात बसले. उच्च न्यायालयाने फलाटांच्या उंचीचा विषय हाती घेतला. पण तिच्या दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले ते ऑगस्ट २०२० मध्ये, परळच्या एका रुग्णालयात. मध्ये सहा वर्षांहून जास्त काळ गेला. प्रत्यारोपणानंतरही महिनोन् महिने व्यायाम आणि कायमची औषधे असतात. बातमी जुनी झाल्यावर तिच्या घरच्यांना पुन्हा पैशांसाठी उभे राहणे किती जड गेले असेल, याची कल्पना ज्याने वर्गणी मागितली आहे त्यालाच येईल.

म्हणून आम्ही पुढे काय केले ते सांगतो. वर्ष भरल्यावर विहारात बैठक झाली. मोठी रक्कम कोणाकडे मागायची नाही, महिन्याला शंभर रुपये आणि मुदत चोवीस महिने, असे ठरले. चाळीस घरांनी नावे दिली. एकतीस घरांनी शेवटपर्यंत दिले. नऊ घरे मध्येच थांबली, त्यांची नावे मी सांगणार नाही आणि तुम्ही विचारू नका. त्या बैठकीत वादही झाला. देणगीदारांची नावे रकमेसह पौर्णिमेला वाचून दाखवावीत, म्हणजे इतरांना प्रेरणा मिळेल, असे काहींचे मत होते. मी विरोध केला. हिशेब फळ्यावर लागला पाहिजे, जमा किती, खर्च किती, कशावर, पावतीसकट. ज्याला शंका असेल त्याने रजिस्टर उघडावे. पण कोणी किती दिले हे माईकवरून वाचायचे नाही. आमच्या शेजारची एक वृद्ध विधवा दहा रुपये घेऊन यायची आणि म्हणायची, "बाबू, हे दहाच हायेत, पन पुढच्या महिन्यात बी देईन." पाचशेच्या शेजारी तिचे दहा वाचले असते तर ती पुढच्या महिन्यात आली नसती.

दुसरा वाद घरात झाला. नळ्या लावलेला, डोळे मिटलेला भावाचा फोटो मोबाईलवर फिरवला तर पैसा लवकर येईल, असे हितचिंतकांनी सुचवले. शुद्धीवर आल्यावर त्याने तो पाहिला आणि म्हणाला, "मी मेलो नाई दादा. हार घातल्यासारखा माह्या फोटो कायले लावतं?" फोटो त्याच दिवशी काढून टाकला. आवाहनाचा मजकूर पुढे त्याने स्वतः सांगितला आणि मी लिहून घेतला: काय झाले, काय लागते, किती लागते, किती जमले. पैसा थोडा हळू आला असेल. मला त्याचे काही वाटत नाही. ज्याच्यासाठी मागायचे त्याची संमती घेतल्याखेरीज त्याचे दुःख बाजारात मांडण्याचा अधिकार सख्ख्या भावालाही नाही.

आता कारकुनाच्या कामाचे सांगतो, कारण विद्यार्थ्यांनी हेच नीट ऐकावे असे मला वाटते. वर्गणीच्या आधी हक्काचा पैसा मागायला शिका. वर्गणी ही समाजाची माया आहे, ती आटू शकते. हक्काचा पैसा कागद नीट असला तर मिळतो.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ पासून आहे. हप्ता आधी वर्षाला १२ रुपये होता, १ जून २०२२ पासून २० रुपये झाला. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही डोळे कायमचे निकामी झाले तर दोन लाख. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख. आमच्या घरातल्या सर्वांचे फॉर्म भरलेले होते, म्हणून भावाला दोन लाख मिळाले. मी काउंटरवरून पाहतो, वीस रुपये कापले म्हणून भांडायला येणारे पुष्कळ असतात. आणि मे महिन्याच्या शेवटी खात्यात वीस रुपये शिल्लक नसल्यामुळे ज्यांचा विमा तुटतो, त्यांना ते कळतही नाही.

धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही तरी मोटार वाहन कायद्याखाली भरपाई आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे जातो. वाहन सापडले असेल तर मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे जायचे. दावा आपण राहतो त्या भागातही दाखल करता येतो, अपघात कुठेही झालेला असो. सहा महिन्यांच्या मुदतीची अट २०२२ पासून लागू झाली. तिच्यावरून सर्वोच्च न्यायालयात वाद गेला आहे, पण त्या भरवशावर आपण थांबू नये. प्राधिकरण फक्त झालेला दवाखान्याचा खर्च पाहत नाही. पुढचा उपचार, बुडालेली कमाई, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च, हे सगळे मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितले की डॉक्टरने किती टक्के अपंगत्व लिहिले एवढ्यावर थांबायचे नाही, त्या माणसाच्या कामधंद्यावर काय परिणाम झाला ते पाहायचे. मजुराचा पाय आणि माझ्यासारख्या कारकुनाचा पाय, दोघांचे नुकसान सारखे कसे असेल? म्हणून प्रत्येक पावती, गाडीभाड्याची चिठ्ठीसुद्धा, पिशवीत जपून ठेवा. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचाराची केंद्राची योजनाही आली आहे.

जखमी माणसाचे खाते कसे चालवायचे, हाही प्रश्न येतो. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, हाताचा नसेल तर पायाचाही. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तेव्हा "माणूस घेऊन या" असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नियम दाखवा. रुग्ण बेशुद्धच असेल तर पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशा एका प्रकरणात पत्नीला पालक नेमले होते. वर्गणीचे खाते मात्र वेगळे उघडा आणि दोघांच्या सहीने चालवा, त्यातला एक घराबाहेरचा असू द्या. आमच्या खात्यावर दुसरी सही संस्थेच्या कोषाध्यक्षांची होती.

अपंगत्वाचा दाखला चाळीस टक्क्यांच्या वर असेल तर पुढची दारे उघडतात. संजय गांधी निराधार योजनेतले दिव्यांगांचे मानधन शासनाने २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार केले. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हा प्रश्न विचारणारे कोणी नसते, तो तुम्ही विचारा. चाकाच्या खुर्चीसाठी दारासमोर उतार लागतो. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. आपल्या घरांची जोती दीड फुटाची असली तरी अठरा फुटांचा उतार झाला. आमच्या अंगणात तो मावेना, म्हणून मध्ये वळवून घेतला. मुरूम आणि दगड गावातल्या पोरांनी दोन रविवारी वाहून आणला. त्याची रक्कम रजिस्टरमध्ये नाही.

ज्यांना वाटते की एवढे करून माणूस शेवटी खुर्चीतच राहतो, त्यांच्यासाठी दोन नावे सांगतो. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातले जवान, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. दुसरे नाव आपल्या अमरावतीचे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभे केले. कुष्ठरोग्याला भाकरी देऊन न थांबता त्यांनी त्याच्या हाताला काम दिले.

भावाने दीड वर्षापूर्वी घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्सचे आणि मोबाईल दुरुस्तीचे दुकान घातले. टेबल त्याच्या खुर्चीच्या उंचीचे करून घेतले आहे, त्यामुळे उभ्या गिऱ्हाईकाला वाकावे लागते. चोवीस महिने संपल्यावर वर्गणी बंद झाली. खात्यात ११,४०० रुपये उरले होते. ते त्याच्याच सांगण्यावरून तसेच ठेवून खाते संस्थेकडे दिले आहे. त्यातून यंदा दोन घरांना गाद्या घेऊन दिल्या आणि शंभर रुपयांची नवी यादी सुरू झाली आहे. आज सकाळपर्यंत तिच्यात सव्वीस नावे होती. पहिले नाव भावाचे आहे.

रजिस्टर विहाराच्या कपाटात आहे. दाव्याचे आणि दाखल्याचे फॉर्म भरायला ज्या विद्यार्थ्यांना शिकायचे आहे, त्यांनी येत्या रविवारी दुपारी यावे, मी बसलेला असेन. येताना निळ्या शाईचा पेन आणावा. जयभीम.