आधी कानस, मग लेथ
(जालना औद्योगिक वसाहतीतील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



"मास्तर, पोरगा महिनाभर कानसच घासतोय. त्यापेक्षा रोलिंग मिलमध्ये लावला तर रोज तरी मिळेल," असे एक वडील मला म्हणाले. त्यांची ओढाताण मी जाणतो. पण फिटरची दोन वर्षे उगीच ठेवलेली नाहीत. १० मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा आटा पाडायचा तर भोक ८.५ मिलिमीटरचे हवे. लहान राहिले तर टॅप मोडतो, मोठे झाले तर आटा पकडत नाही. ज्याला व्हर्नियर वाचता येत नाही, त्याच्या हाती टॅप कसा द्यावा? म्हणून आधी माप, आखणी, कानस आणि गुण्या, मग ड्रिल, टॅप, लेथ त्यानंतर.

तो मुलगा आता ड्रिलवर आला आहे. भाईसाहेब, प्रमाणपत्रापर्यंत त्याला काढू नका. आज मिलमध्ये गेला तर हेल्पर म्हणूनच घेतील.