धुराला वाट



उमापूर हें बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्याचें गांव. तेथील जुनीं घरें माळवदाचीं. भिंती जाड, छत मातीचें, आणि धूर जावा म्हणून स्वयंपाकघराच्या छताला ठेवलेलें एक साणें. पऱ्हाटी, तुराटी, गोवरी हें आमचें जळण. साण्यांतून थोडा धूर बाहेर पडे. उरलेला चुलीपुढें बसणारीच्या डोळ्यांत व छातींत जाई.

चुलीला धुराडें बसविण्याचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. वर्ध्याच्या मगनवाडींत १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार झाली. बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. त्याच हैदराबादेंत डॉ. राजू यांनीं धूरविरहित चुलीचा अभ्यास करून १९५३ सालीं पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढें १९८३ सालीं केंद्र सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, आकृति पाहून, मींहि घरीं अशी चूल बसविली.

दोन चुका झाल्या. तुळई चुकविण्यासाठीं नळीला काटकोनांत वळण दिलें, आणि नळीचें तोंड माळवदाच्या कठड्याखालींच ठेवलें. वारा सुटला कीं धूर उलट घरांत येई. महिन्याभरानें पाहतों तों आईनें खुरप्यानें चुलीचें तोंड फोडून रुंद केलेलें! मी रागावलों. ती एवढेंच म्हणाली, “भाकर कुठं शेकू रं?”

दुसऱ्या दिवशीं मी स्वतः चुलीपुढें बसलों, तेव्हां उमगलें. तव्यावरची भाकरी शेवटीं विस्तवापाशीं उभी करून फुगवावी लागते. मीं बांधलेल्या अरुंद तोंडांतून निखारे पुढें ओढतांच येत नव्हते. आकृति काढणारानें भात शिजविण्याचा विचार केला असावा. भाकरीचा केला नव्हता, आणि मींहि आईला विचारलें नव्हतें.

परंतु तोंड रुंद ठेवणें हाहि उपाय नव्हे. धुराड्यांतील तापलेला धूर बाहेरच्या हवेहून हलका असतो, म्हणून बाहेरची जड हवा चुलीच्या तोंडांतून आंत शिरून त्याला वर ढकलते. नळी जितकी उंच व उष्ण, तितकी ओढ अधिक. मोठ्या तोंडांतून गार हवा फार शिरली कीं धूर निवतो व ओढ मंदावते. युरोपांत रम्फर्ड यानें १७९६ सालीं शेकोटीच्या धुराड्याचा गळा अरुंद करण्याचा सल्ला दिला, त्यामागेंहि हेंच तत्त्व होतें.

मग आम्हीं दोघांनीं मिळून चूल पुन्हां घातली. तोंड आईच्या मापाचें, पण त्याला मातीचें सुटें झांकण. भाकरी शेकतांना तेवढें काढावयाचें. नळी सरळ, कठड्याच्या वर दोन हात. माथ्यावर पावसासाठीं पत्र्याची टोपी. नळी व लांकूड यांमध्यें मोकळी जागा राखून ती मातीनें लिंपली. खालीं काजळी काढण्यासाठीं एक खिडकी ठेवली. त्या काळीं अशा नळ्या बहुधा अॅस्बेस्टॉसच्या असत. तो पदार्थ घातक असल्याचें आतां सर्वमान्य आहे, तेव्हां नळी भाजलेल्या मातीची घ्यावी.

दर महिन्याला काजळी काढण्याचें काम मीं माझ्याकडे घेतलें. हें सांगण्याचें कारण आहे. ओडिशांत अनेक वर्षें चाललेल्या एका पाहणींत असें दिसलें कीं, सुधारित चुलींनीं पहिल्या वर्षीं छातींत जाणारा धूर कमी झाला, पुढें तो लाभ उरला नाहीं. कारण चुली नीट वापरल्या व राखल्या गेल्या नाहींत.

आपल्या शहरी घरांत आज ग्यास आहे, आणि ओट्यावर विजेची चिमणी. तिलाहि हाच नियम लागू : नळी आंखूड व सरळ असावी, वळणें थोडीं, जाळी वेळच्या वेळीं धुतलेली. धुराडें एकदां बसवून भागत नाहीं; तें राखावें लागतें.

आईचा खोकला त्या धुराड्यानें गेला नाहीं. छातींत चाळीस वर्षें सांठलेला धूर नळीनें कसा निघावा? पण सकाळीं पदरानें डोळे पुसणें मात्र थांबलें. तिला आधीं विचारलें असतें, तर तें महिनाभर अगोदर थांबलें असतें.