बोटांची पहिली इयत्ता



४ जानेवारी हा अंधांसाठी बोटांनी वाचायची टिंबांची लिपी तयार करणाऱ्या लुई ब्रेल यांचा जन्मदिवस. त्या निमित्ताने अंध मुलांच्या प्राथमिक शाळेविषयी मला बोलायचं आहे, आणि तेही विशेषतः खेड्यापाड्यांतल्या आईवडिलांशी.

आपल्या देशात अशी पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी काढली. मुंबईतली दादरची शाळा १९०० सालची. इतका काळ लोटला, तरी आमच्या पहिलीच्या वर्गात अजूनही नऊ-दहा वर्षांचं मूल नव्याने दाखल होतं. इतकी वर्षं कुठे होतं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘पडेल, धडपडेल म्हणून घरीच ठेवलं.’ मायेपोटीच ठेवलेलं असतं, हे मला कळतं. पण त्या मुलाला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. भाकरीसुद्धा कुणीतरी कुस्करून दिलेली. हातांनी कधी काही शोधलेलंच नसतं.

म्हणून सुरुवातीला लिहिणं-वाचणं बाजूलाच राहतं. परातीत मटकी, चवळी आणि वाटाणे एकत्र करून मुलापुढे ठेवायचे आणि वेगळे करायला लावायचे. बोटं तयार झाली की मग सहा खळग्यांचा लाकडी ठोकळा आणि गोट्या. ब्रेलचं प्रत्येक अक्षर या सहा टिंबांतूनच होतं. उभ्या दोन ओळी, एकेकीत तीन. एकटं पहिलं टिंब म्हणजे अ. पहिलं आणि तिसरं मिळून क.

त्यानंतर ब्रेलपाटी. जाड कागद पाटीत अडकवायचा आणि स्टायलसने उजवीकडून डावीकडे टोचत जायचं. कागद उलटला की टिंबं वर उठून येतात, ती वाचायची मात्र डावीकडून. इ आणि ए तर एकमेकांची आरशातली रूपं. ‘दिवा’ लिहिताना जरा गफलत झाली की कागद उलटल्यावर बोटांखाली ‘देवा’ येतो! मूल स्वतःच खुदकन हसतं आणि नवा कागद अडकवतं. चूक आपली आपल्याला सापडली, याचा केवढा आनंद त्या चेहऱ्यावर असतो!

हल्ली पालक विचारतात, ‘मोबाईल सगळं वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला?’ मोबाईल जरूर द्या, मोठेपणी तो फार उपयोगी पडतो. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच लागतात. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ वेगळी, दीर्घ ई वेगळी. बोटाला फरक लगेच कळतो. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलाला चार ओळींचा अर्ज स्वतः लिहिताना अडतं. आणि बोटांना हे वळण सहाव्या-सातव्या वर्षी जितकं सहज लागतं, तितकं पुढे लागत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. जवळची शाळा की विशेष शाळा, हेही तुम्हीच ठरवायचं. शाळा लांब असली तर निवासी शाळेचा विचार करा. लेकराला सोडून जाताना आईचा पाय निघत नाही, हे आम्ही दर जूनमध्ये पाहतो. म्हणून सांगते, जूनपर्यंत थांबू नका. मुलाला घेऊन एखादा दिवस शाळेत या, वर्गात बसा, त्यालाही पाटी हातात धरू द्या.