मेव्हण्यांचा तेरा, माझा नऊ
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



घोरण्यावर बोलायला माझीच निवड का झाली, हे वरच्या मजल्यावरच्यांना विचारा!

माझं नुसतं घोरणं नव्हतं. झोपेत घसा सैलावून हवेची वाट बंद व्हायची, तपासणीत तासाला 38 वेळा. उपाय म्हणजे नाकावर मास्क आणि उशाशी सीपॅप मशीन. 1981 साली ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सलिवन यांनी हा उपाय जगापुढे मांडला. मशीन दाबाने हवा सोडून वाट उघडी धरतं. हा दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात. बादलीत नळी 10 सेंटीमीटर बुडवून फुंका. बुडबुडा निघायला लागतो तेवढा जोर म्हणजे 10 चा दाब.

माझा 9 होता. वर्षभर उत्तम चाललं, मग पुन्हा दिवसा पेंगायला लागलो. मेव्हण्यांचा 13 आहे हे कळलं आणि मी फोनवर व्हिडिओ बघून आपला आपणच 13 केला. रात्रभर मास्कच्या कडेने हवा डोळ्यांत, सकाळी पोट फुगलेलं. ही म्हणाली, "पंक्चरवाल्याकडे जाता का डॉक्टरकडे?"

चार दिवसांनी अलिबागला गेलो. डॉक्टरांनी मशीनमधल्या नोंदी पाहिल्या. गळती वाढलेली, श्वास थांबणंही वाढलेलं. काही वेळा तर घसा उघडा असून मी श्वासच घेतला नव्हता. दाब जास्त झाला की काहींना असं होतं. मूळ दोष निघाला मास्कच्या सिलिकॉनच्या कडेत, ती सैल पडली होती. कड बदलली, दाब पुन्हा 9, पेंग गेली.

वजन बदललं तर दाब बदलावा लागू शकतो, पण तो डॉक्टरांनी नोंदी बघून. आपण बघायचं ते मास्कचं बसणं आणि पाण्याच्या भांड्याचं सेटिंग. आपल्याकडे पावसाळ्यात एसी लावला की नळीत पाणी साचून गुडगुडतं, तेव्हा ओलावा कमी करायचा.

आणि वीज! 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दिवे गेले ते गेलेच. तेव्हा पाठीशी उशी लावून कुशीवर झोपलो, पण ती तात्पुरती सोय. आता बॅटरी घेतलीय.

कुणाच्या घरी घोरता घोरता मध्येच शांतता होत असेल, तर तपासणी करून घ्या. मशीन बघायचं असेल तर आमची बेल वाजवा. रात्री दहानंतर मात्र नको, मास्क लावल्यावर मला उठता येत नाही.