सडपातळ देह आणि मधुमेह

आमच्या धाराशिवकडे एखाद्या सडपातळ गृहस्थाला मधुमेह झाल्याचें कानीं आलें कीं लोक नवलानें विचारतात, "अंगावर मांस नाहीं, मग साखर कशी वाढली?" प्रश्न साधा, परंतु त्यामागील समजूत घातक आहे. कृश देहाच्या भरंवशावर मनुष्य रक्त तपासून घेत नाहीं, आणि तेवढ्या अवधींत रोग डोळे, मूत्रपिंडें व पायांचे मज्जातंतू पोखरूं लागतो.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं या कोड्याचा पिच्छा पुरविला. २००४ सालीं त्यांनीं व इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, मात्र युडकिन यांच्या देहांत मेद शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या देहांत शेंकडा २१.२! पुण्याजवळील खेड्यांतील अभ्यासांत या भेदाचा माग जन्मापर्यंत लागला. तेथील अर्भकांचें सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडांतील साउथॅम्प्टनच्या अर्भकांचें ३.५. उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची. त्वचेखालील मेद त्या मानानें फारसा उणा नव्हता.

रक्तांतील साखर मोठ्या प्रमाणावर खर्ची पडते ती स्नायूंत. तेच उणे असले आणि पोटांत व यकृतांत चरबी सांचली, तर इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. म्हणून तराजूच्या जोडीला कमरेला फीत लावून पाहावी. भारतीय पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही मर्यादा तज्ज्ञांनीं घालून दिली आहे.

यांत दिलासाहि आहे. न्यूकॅसलच्या संशोधकांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका लहान प्रयोगांत, स्थूल नसलेल्या २० मधुमेहींनीं देखरेखीखालीं वजन थोडें उतरविलें. त्यांपैकीं १४ जणांची साखर औषधावांचून मधुमेहाच्या रेषेखालीं आली.

आतां आपल्या ताटाकडे वळूं. ज्वारीची भाकरी गुणाची खरी, परंतु तीहि पिष्टमयच. तीन भाकरी व चिमूटभर चटणी याऐवजीं एक-दीड भाकरी, वाटीभर मटकीची किंवा हुलग्याची उसळ व करडईची भाजी असें ताट वाढावें. दिवसांतून चार वेळां होणाऱ्या चहांतील साखर आवरावी. स्नायू टिकविण्यासाठीं चालणें व अंगमेहनत सोडूं नये. औषध चालू असणाऱ्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून आहार तोडूं नये. साखर एकाएकीं उतरणेंहि धोक्याचें असतें.

आणि घरांतील सडपातळ मंडळींचेंहि रक्त वर्षांतून एकदां तपासून घ्यावें.